मावशीच्या गळ्यातला टाक

एकोणीसशे चोपन्न साल. दिवाळी होऊन पंधरवडा झाला असेल. आमच्या पानमळ्यात त्या दिवशी खुडा होता, आणि भर दुपारी आज्जी न्हाणीत बसून नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेत होती.

मी पानं खुडणाऱ्या गड्यांच्या भाकरीची पाटी न्यायला घरी आले होते. दारातच थबकले.

"आज्जे, सकाळी न्हालीस की गं. आता परत काय?"

"ऊन लागलं."

"थंडीत ऊन लागतंय व्हय?"

"शेवंते, तोंड लई चालायला लागलंय तुझं. बस जा एका जागी."

चुलीकडे गेले तर चूल विझवलेली. अर्धी भाजलेली भाकरी तव्यावर तशीच पडलेली. पाटीत चार भाकरी, त्याही झाकलेल्या नाहीत. आमच्या घरात असं कधी होत नसे. एवढ्यात मावशी परसातून आली. तिने कडेवरच्या महादूला खाली सोडलं, आज्जी उठली त्या दगडावर बसली आणि तिनेही डोक्यावर पाणी घेतलं. रांजणातलं गार पाणी. महादू तिच्याकडे बघून भोकाड पसरत होता, पण तिने मान वळवली नाही. एका हाताने ती तांब्या ओतत होती आणि दुसऱ्या हाताने गळ्यातला टाक मुठीत धरून बसली होती.

तो टाक माझ्या आईचा होता.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की सोनाराकडून त्याचा टाक करून घेत. चांदीचा बारका पत्रा, त्यावर उठवलेली बाई नाहीतर घोड्यावरचा बाप्या, आणि तो देव्हाऱ्यात देवांच्या ओळीला. पण पहिली बायको गेली आणि नवऱ्याने दुसरी केली, तर पहिलीचा टाक दुसरीच्या गळ्यात असायचा. दुसरीने जेवायच्या आधी त्याला घास दाखवायचा, नवं लुगडं आधी त्याला लावायचं. माझी आई मी पाच वर्षांची असताना गेली. आजोळी गेली, तिकडे ताप आला, तिकडेच गेली, असं मला सांगितलेलं. वर्षाच्या आत तिची धाकटी बहीण गोजरा आमच्या घरी दिली. ती माझी मावशी. लोक तिला सावत्र आई म्हणायचे, पण मी तिला मावशीच म्हणत राहिले, आणि तिच्यावाचून मला घास उतरत नसे.

अमावास्येला मावशी टाक चिंचेने घासायची. मग माझ्यापुढे वाकायची आणि म्हणायची, "सांग तुझ्या आईला काय सांगायचं ते." मी टाकाजवळ तोंड नेऊन सांगायची. दात पडला. शाळेत दुसरा नंबर आला. आज्जीने मारलं. मावशी वाकलेली पाठ तशीच ठेवून थांबायची आणि मग म्हणायची, "ऐकलं तिनं."

भाद्रपदात अविधवा नवमीला गावातली एक सवाष्ण आईच्या नावाने जेवायला बोलवत. पुरणपोळी व्हायची, खणानारळाने ओटी भरायची. वाढायचं काम माझं. "तुझ्या आईचं पान आहे, हात आखडू नको," असं आज्जी म्हणायची.

पाटी तशीच घेऊन मी मळ्याकडे निघाले. डोक्यात एकच चाललेलं: घरात कोण मेलं? आबा, म्हणजे माझे आजोबा वारले तेव्हा मी असंच बघितलं होतं. चूल विझवली होती, बायका नेसत्या लुगड्यानिशी न्हाल्या होत्या. पण तेव्हा दारात माणसं जमली होती, रडारड होती. आज कुणी नव्हतं. शेजारच्या तानाक्काच्या घरातून मिरचीचा खाट येत होता आणि आमच्या घरात दोन बायका ओल्या केसांनी गप बसल्या होत्या.

मळ्याच्या बांधावर आप्पा, माझे वडील, बसले होते. केस ओले.

पानमळा सोवळ्याचा असतो. पायताण बाहेर काढून आत जायचं, विटाळशीने फिरकायचं नाही, घरात कुणी गेलं तर सुतक फिटेपर्यंत वेलींना हात लावायचा नाही. आबा गेले तेव्हा आप्पा दहा दिवस असेच बांधावर बसून होते आणि भाडोत्री गडी आत पानं खुडत होते. आप्पांचा जीव त्या वेलींत अडकलेला. रोज सकाळी अनवाणी आत शिरायचे, वेल चढवलेल्या एकेका शेवरीच्या झाडापाशी थांबायचे, सुटलेली वेल लव्हाळ्याने बांधायचे. खुड्याच्या दिवशी तर ते बांधावर बसलेले मी कधी बघितले नव्हते.

भिमूनाना आतून ओरडला. तो आमचा सगळ्यात जुना खुडणारा. "काय तातोबा, आज पावण्यासारखा बाहेर? घरात भांडण झालं जणू! बायकोनं अंगावर पाणी ओतून हाकललेलं दिसतंय!"

आत हशा पिकला. आप्पा हसले नाहीत. "कंबर धरलीया नाना. तुम्ही खुडा."

"कंबर धरली म्हणून कोण न्हातंय दुपारचं? शेक घ्या म्हणावं!"

मी पाटी घेऊन आत जायला लागले तर आप्पांनी हात आडवा केला. "शेवंता, आत जाऊ नको. हितनंच दे."

"मी का न्हाई जायचं?"

"सांगतोय न्हवं!"

"आप्पा, आपल्यात कोण मेलं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी चोरलंय. मग म्हणाले, "कुणी न्हाई. घरी जा."

मी घरी गेले नाही. सकाळी मी मळ्यात जाताना, कुंपणाबाहेरच्या चिंचेखाली एक बाई बसलेली बघितली होती. थंडीत बसतात तशी डोक्यापासून पायापर्यंत पांघरूण घेतलेली. आप्पा तिच्यापासून बरेच लांब उभे राहून बोलत होते. त्यांनी मला हातानेच पुढे जा म्हणून खुणावलं होतं. आता मला तिची आठवण झाली. बघते तर ती अजून तिथेच होती. मी पाटीतली एक भाकरी आणि पाण्याचा तांब्या घेऊन तिच्याकडे गेले.

"पाणी पितीस का गं बाई?"

"लांबूनच ओत," ती म्हणाली. तिने ओंजळ पुढे केली. बोटं अर्धीच होती. मी दचकले, पण पाणी ओतलं. ती प्याली, मी खाली ठेवलेली भाकरी ओढून घेतली, तोंड पुसलं आणि माझ्याकडे निरखून बघत राहिली. मग तिचा चेहरा एकदम उजळला.

"तू शेवंता न्हवं? औंदाचा परकर बरोबर बसला व्हय गं? मी तिला म्हणलं, पोरगी उफाड्याची असली तर आखूड व्हईल. तर म्हणाली, मग खाली घडी जास्त ठेवते, लागंल तशी उसवतील."

माझ्या अंगावर तोच परकर होता. निळा, खाली पिवळ्या दोऱ्याची टीप. दर दिवाळीला आजोळहून माझा परकर-पोलका यायचा. आला की आज्जी तो माझ्या हाताला लागू देत नसे. अंगणात तीन दगड मांडून, लिंबाचा पाला घालून, मडक्यात उकळायची. बाकी कुणाचे नवे कपडे ती उकळत नसे. रंग जायचा, मी रुसून बसायची. "आजोळच्या वाटेवर नाना तऱ्हेची माणसं हात लावत्यात," असं ती म्हणायची.

"कोण म्हणाली?" मी विचारलं.

बाईचा चेहरा पडला. तिने चिंचेकडे बघितलं, मग रस्त्याकडे.

"कोण म्हणाली, सांग की!"

"तुझी आई गं बाळा."

"माझी आई मेलीया. मी बारकी होते तवा."

बाई हळूच म्हणाली, "काल मेली पोरी. काल सकाळी."

मला आठवतं ते एवढंच, की माझ्या हातातला तांब्या कलंडला होता आणि पाणी माझ्या पायावर सांडत होतं. पाणी गार आहे, एवढंच कळत होतं.

तिचं नाव सगुणाबाई. आप्पा ज्या शहराला दर आठवड्याला रेल्वेने पानं विकायला जायचे, तिथे नदीपलीकडे महारोग्यांची वसाहत होती. आईच्या पाठीवर चट्टा उठला, बोटं बधिर झाली, तेव्हा तिला तिकडे नेऊन ठेवलं होतं. सगुणाबाई तिच्याच खोलीत होती. आईला कावीळ झाली आणि तीत ती गेली.

"साहेबांनी तिला उद्या दुपारपतोर ठेवायला सांगितलंय," सगुणाबाई म्हणाली. "घरचं कुणी येतंय का बघून ये म्हणाले. माती द्यायला, पाणी पाजायला कुणीतरी पायजे की. तुझा बा काय बोलंना. नुसता उभा ऱ्हायला. मग म्हणला, बस, सांगतो. कवाची बसलीया मी."

"मी येते," मी म्हणाले.

"तुला एकटीला कशी नेऊ बाळा? माझ्याबरोबर डब्यात तुला बघितलं तर लोक मारतील मला. बाला म्हण."

मी बांधावर धावत गेले. आप्पांच्या पुढ्यात उभी राहिले. आत गडी होते म्हणून हळूच बोलले, पण माझा आवाज मला ओळखू येत नव्हता.

"आप्पा, मला आईकडं न्या."

ते माझ्या मागे चिंचेकडे बघायला लागले.

"उद्या दुपारपतोर ठेवत्यात तिला. मला न्या. मला तोंड बघायचंय."

आप्पांचे ओठ हलले. मग त्यांनी पटकाच डोळ्यांना लावला आणि ते लहान पोरासारखे रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. आबा गेले तेव्हाही नाही. माझा सगळा राग तिथल्या तिथे विरघळला. मीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"नेतो," ते म्हणाले. "उद्या पहाटं गाडी जुंपतो. तयार ऱ्हा. पर गावात कुणाला एक अक्षर बोलू नको. बोललीस तर आपल्या मळ्याचं पान कोण तोंडात घालंल?"

ते मला कळलं. पान कच्चंच खातात. ज्या हातांनी खुडलं, त्या हातांचं खातात. महारोग्याच्या घरचं पान कुणी फुकट दिलं तरी घेतलं नसतं. मी म्हणाले, "न्हाई बोलत."

चिंचेखाली जाऊन आप्पांनी लांबून काहीतरी सांगितलं. सगुणाबाई उठली, पांघरूण सावरलं आणि स्टेशनच्या रस्त्याने निघून गेली. वळणावर तिने एकदा मागे बघितलं.

घरी कुणी जेवलं नाही. महादूला दूध दिलं, मला शिळी भाकरी. मी मावशीकडे बघितलं नाही. तिने माझ्या केसांना हात लावायला घेतला तेव्हा मी डोकं बाजूला केलं. तिला काय ते कळलं.

"आप्पा उद्या मला नेणार हायत," मी म्हणाले.

मावशीने आज्जीकडे बघितलं. आज्जीने जमिनीकडे.

"नेणार म्हणाले?" मावशीने विचारलं.

"गाडी जुंपतो म्हणाले. तयार ऱ्हा म्हणाले."

"मग ऱ्हा तयार," आज्जी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

पहाटे मी तोच निळा परकर नेसून उंबऱ्यावर बसले. खालची घडी उसवून परकर लांब केला होता, कारण आईला दाखवायचं होतं की मी उफाड्याची आहे. मेलेल्या माणसाला काय दिसतं काय नाही, हा विचार मनात आला नाही. आप्पांनी गाडी जुंपली. मावशी महादूला घेऊन दारात उभी होती. गाडी हलली तेव्हा ती काहीतरी बोलणार असं वाटलं. बोलली नाही.

आमच्या गावाबाहेर ओढ्यापाशी रस्ता फुटतो. उजवीकडे स्टेशन, डावीकडे आजोळचं गाव. आप्पांनी बैलांना डावीकडे वळवलं.

"आप्पा, स्टेशन तिकडं."

त्यांनी कासरा तसाच ओढून धरला.

"आप्पा! तिकडं हाय स्टेशन!"

"आधी आजोळी जाऊ. मामाला बरोबर घिऊ." बैलाच्या पाठीवर बघत ते बोलत होते.

मी त्यावर विश्वास ठेवला. आजही मला स्वतःचं नवल वाटतं, की मी ठेवला. आजोळच्या अंगणात गाडी थांबली. आजीचे केस ओले होते. मामांचे ओले होते. आजोबा खांबाला टेकून बसले होते, त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मला आत दूध प्यायला बोलावलं. मी दूध पीत होते तेव्हा गाडीच्या घुंगरांचा आवाज आला. बाहेर येईपर्यंत आप्पांनी गाडी वळवली होती. मी मागे धावले. मामांनी मला गाडीवाटेवर पकडलं, खांद्यावर टाकलं आणि घरी आणलं. मी त्यांच्या दंडाला चावले. तरी त्यांनी सोडलं नाही.

सूर्य डोक्यावर आला, मग कलला. दुपार टळली तशी मी रडायची थांबले. आता उपयोग नव्हता.

दोन दिवसांनी मावशी आली. चालत. महादू बरोबर नव्हता. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, लुगड्याला रेल्वेचा काळा डाग. आजोळच्या माणसांशी एक शब्द न बोलता तिने मला परसात नेलं आणि विहिरीच्या कडेला बसवलं. तिचा गळा मोकळा होता. मंगळसूत्र होतं, टाक नव्हता.

"मी जाऊन आले," ती म्हणाली.

मी विहिरीच्या कडेचं गवत उपटत राहिले.

"तुझा बा तुला घिऊन डावीकडं वळणार, मला ठावं होतं. म्हणून गाडी गेल्यावर मी निघाले. आज्जी दारात आडवी झाली. म्हणाली, गेलीस तर उंबरा चढू देणार न्हाई. मी महादूला तिच्या मांडीवर टाकला आन् निघाले. स्टेशनापतोर पळतच गेले. पाणी पाजलं आक्काला. माती दिली. तुझ्या नावानं वेगळी मूठ टाकली."

"मला का न्हाई नेलं?"

"तू गाडीत होतीस बाळा."

"आधी का न्हाई सांगितलं? डावीकडं वळणार म्हणून?"

मावशीने मान खाली घातली. "सांगायला पायजे होतं."

"तुला ठावं होतं. आई जिती हाय, ठावं होतं तुला."

"व्हय."

"मग मी टाकाला सांगत होते ते कोण ऐकत होतं?"

"मी ऐकत होते," मावशी म्हणाली. "दुसरं कोण हाय ऐकायला?"

मी उठून जायला लागले. तिने माझा हात धरला. घट्ट. मला दुखेल इतका.

"बस. अजून सांगायचंय. हे सांगितल्यावर तू माझं तोंड बघू नकोस, चालंल मला. पर हे मी एकटी घिऊन न्हाई ऱ्हायची." तिने श्वास घेतला. "आक्का बरी झाली हुती."

मला कळलं नाही.

"नव्या गोळ्या निघाल्यात. दोन वर्साखाली डॉक्टरनं सांगितलं, रोग थांबलाय, हिच्यापासनं कुणाला काय व्हायचं न्हाई, घरी न्या. तुझा बा दर आठवड्याला पानं घिऊन तिथंच जातोय. त्याला बोलावून सांगितलं. आक्का फाटकापाशी आली. तुझ्या बानं तिला सांगितलं, उद्या गाडी जुंपून स्टेशनावर आणतो, तयार ऱ्हा."

माझ्या कानात आप्पांचा आवाज वाजला. बांधावरचा. अगदी तोच.

"सगुणाबाई म्हणाली, आक्का गाठोडं बांधून फाटकापाशी बसली. पिवळी टीप घातलेला तुझा परकर गाठोड्यात वरच ठेवला हुता, गेल्या गेल्या द्यायला. त्या दिवशी बसली. दुसऱ्या दिवशी बसली. लोक म्हणाले, आत ये, जेव. ती म्हणायची, पानांचा खुडा असंल, उद्या येतील. लई दिवस बसली गं. मग एक दिवस गाठोडं सोडलं आन् आत जाऊन शिवायला लागली. त्यानंतर तुझा बा फाटकाकडं कधी गेला न्हाई. परकर सगुणाबाई बाजारात आणून लांबनं द्यायची."

"आप्पा का न्हाई गेले?"

"त्या दिवशी घरी येऊन सांगितलं त्यानं. मी न् आज्जी चुलीपाशी हुतो. आज्जी म्हणाली, सगळा गाव तिच्या तेराव्याला जेवून गेलाय. गोजराच्या गळ्यात तिचा टाक हाय. आता काय सांगायचं, मेलेली बाई उठून आली म्हणून? मळा बसंल. शेवंताला कोण करंल? तुझा बा माझ्याकडं बघत हुता. माझ्याकडं, शेवंता. मी हूं म्हणलं असतं तर तो गेला असता. मला ठावं हाय, तो गेला असता. महादू पोटात हुता. मी भाकरी थापत ऱ्हायले."

विहिरीत पारवे घुमत होते. मावशीने माझा हात सोडला.

"टाक कुठाय?" मी विचारलं.

"तिच्या हातात दिला. मिटल्या मुठीत. तिचा हुता, तिला दिला."

मावशीला आज्जीने उंबरा चढू दिला. दुसरा इलाज नव्हता. महादू रडून निळा झाला होता आणि गावात विचारणा सुरू झाली होती. तिचा मोकळा गळा बघून आज्जीने आकांत केला. टाक आणा, त्याच्यावर आता खरे विधी करायचे आहेत, नाहीतर मेलेली बाई घर सोडायची नाही, असं आज्जी म्हणत होती. सहा वर्षं पुरणपोळ्या घालताना ती कधी भ्याली नव्हती. बातमी आल्यावर न्हाण चुकवायला मात्र भ्याली. खोटं बोलण्याचं भय त्या घरात कुणाला नव्हतं. सुतकाचं होतं. नाहीतर आई गेली, हे मला कधी कळलंच नसतं.

आज्जी एकोणसाठ साली गेली. शेवटच्या आजारात ती मला हाक मारायची ती आईच्या नावाने, "अंबाक्का, आलीस?" मी "न्हाई" म्हणायची.

आप्पा एकाहत्तर साली मळ्यात गेले. वेल बांधता बांधता शेवरीला टेकले ते तसेच. माझ्या लग्नात त्यांनी मला गाडीत बसवलं तेव्हा मी विचारलं होतं, "कुठल्या बाजूला वळणार?" एवढंच मी त्यांना त्या बाबतीत कधी बोलले. ते खाली वाकून जोत बघायला लागले आणि गाडी हलली तरी, ती दिसेनाशी होईपर्यंत वर उठले नाहीत.

सगुणाबाई परत भेटली नाही. लग्नानंतर मी नवऱ्याला न सांगता एकदा त्या वसाहतीत गेले. तिथे नवी माणसं होती. मळ्यासारखी एक रांग दाखवली, मातीचे उंचवटे, वर काही नाही. यातलाच एक, म्हणाले. मी रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले.

मावशी ब्याण्णव साली गेली. आप्पा होते तोवर गळ्यात मंगळसूत्र होतं, त्याशिवाय तिने कधी काही घातलं नाही. अमावास्येला ती माझ्या घरी यायची, दूध-दही घेऊन, आणि अंगणात बसून राहायची. मी आतून चहा द्यायची. आम्ही बोलत असू, पावसापाण्याचं, पोराबाळांचं. माझी गोष्ट मात्र मी तिला परत कधी सांगितली नाही. ती थोडी वाकून बसायची. वाट बघत असेल.

पानमळा मोडून महादूने द्राक्षं लावली. नवं घर बांधलं, त्यात देव्हारा मोठा केला. त्यात आबांचा टाक आहे, आज्जीचा आहे, आप्पांचा आहे, मावशीचा आहे. गेल्या अमावास्येला मी तिकडे होते. महादूची सून टाक घासत होती. शिकलेली पोरगी, पण चिंचेनेच घासते. म्हणाली, "आत्याबाई, थोरल्या आजींचा टाक कसा नाही यांत? सोनार ओळखीचा आहे. करून घेऊ या का?"

"नको," मी म्हणाले.

"अहो, एवढे सगळे आहेत, त्यांचा का नको?"

"एकदा केला होता," मी म्हणाले. "तेव्हा ती जिवंत होती."